रासायनिक अस्त्र वापरणाऱ्याचे नाव वेळेत घ्या

प्रति,
रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या सर्व सदस्य देशांचे प्रतिनिधी,
द हेग

स.न.वि.वि.

उत्तर इराकमध्ये बिरजिनी नावाचे एक छोटे कुर्द गाव आहे. ऑगस्ट १९८८मध्ये त्यावर विमानांतून बॉम्ब पडले. माणसे आणि जनावरे दगावली, जे वाचले ते सीमेपलीकडे पळाले आणि त्यांनी विषारी धुराची हकिगत सांगितली. इराकी सरकारने ती धुडकावून लावली. पुढे जून १९९२मध्ये डॉक्टर आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांचे एक पथक तिथे पोचले आणि त्यांनी बॉम्बच्या खड्ड्यांतली माती गोळा करून नेली. ब्रिटनमधल्या पोर्टन डाउनच्या प्रयोगशाळेत ती तपासली, तेव्हा तिच्यात अंगावर फोड आणणाऱ्या मस्टर्ड गॅसचे अंश सापडले आणि सरीन या मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या विषाचे विघटन होऊन जे उरते तेही सापडले. मध्ये चार वर्षांचा पाऊस आणि बर्फ त्या खड्ड्यांवर पडून गेला होता. पुरावा एवढा काळ तिथेच होता. तो आणायला कोणाला पाठवायचे, हे मात्र कोणी ठरवले नव्हते.

मी रसायनशास्त्र शिकवते. या विषयातले शोध माणसे मारायला कसे वापरले गेले, हे वर्गात सांगावे लागते आणि ते सांगताना दरवेळी मुलांचा एक प्रश्न येतोच: मग त्यांना शिक्षा झाली का? त्याचे उत्तर देणे माझ्या हातात नाही, आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र. मागणे एकच आहे. रासायनिक अस्त्र कोणी वापरले हे पुराव्यानिशी, ठरलेल्या मुदतीत, आणि वापरणारा कोणाचा मित्र आहे हे न पाहता जाहीर व्हावे.

आपण केलेले काम मोठे आहे, हे आधी मनापासून सांगते. १९२५च्या जिनिव्हा करारात रासायनिक अस्त्रे वापरण्यावर बंदी होती, ती बनवण्यावर आणि साठवण्यावर नव्हती. १९९७मध्ये अमलात आलेल्या आपल्या कराराने ती पळवाट बंद केली. आज १९३ देश त्यात आहेत. जाहीर झालेले ७२ हजार टनांहून अधिक विष आपल्या निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत नष्ट झाले. रशियाने हे काम २०१७मध्ये संपवले, भारताने त्याच्या बरेच आधी, २००९मध्ये, आणि शेवटचा जाहीर साठा जुलै २०२३मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात संपला. इस्रायलने सही करूनही करार मंजूर केलेला नाही आणि इजिप्त व उत्तर कोरियाने सहीच केलेली नाही, हे शल्य आहे. तरीही एका अख्ख्या प्रकारच्या शस्त्राचे जाहीर साठे असे मोजून, नोंद करून नष्ट केल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

साठे संपले, वापर संपला नाही. आणि वापर झाला की घोडे दरवेळी एकाच जागी अडते: नाव घेण्यापाशी.

इराण-इराक युद्धाचे पाहा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी मार्च १९८४मध्येच इराणमध्ये जाऊन मस्टर्ड गॅस आणि तबुन हे सरीनच्याच जातीचे विष वापरल्याची खात्री करून दिली होती. सुरक्षा परिषदेने निषेध केला, पण इराकचे नाव न घेता. नाव यायला मार्च १९८६ उजाडला आणि त्यानंतरही पुढे काही घडले नाही. जून १९८७मध्ये इराणच्या सरदश्त शहरावर भरवस्तीत मस्टर्डचे बॉम्ब पडले. १६ मार्च १९८८ला हलब्जामध्ये इराकच्या हवाई दलाने आपल्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला. त्यात मेलेल्यांचा अंदाज ३,२०० ते ५,००० असा आहे. तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने इराणनेही वायू वापरला असावा, असे सुचवले. मे महिन्यात सुरक्षा परिषदेने ६१२ क्रमांकाचा ठराव केला. त्यात रासायनिक अस्त्रांच्या वापराचा निषेध आहे आणि यापुढे ‘दोन्ही बाजूंनी’ ती वापरू नयेत अशी अपेक्षा आहे. हलब्जाचे रस्ते मृतदेहांनी भरल्याची छायाचित्रे जगभर छापून आल्यावर, आठ आठवड्यांनी केलेला ठराव आहे हा.

कारण सगळ्यांना ठाऊक होते. इराक तेव्हा अनेकांना हवा होता. कोणी त्याला कर्ज देत होते, कोणी शस्त्रे, कोणी रसायने. मस्टर्ड बनवायला लागणारे थायोडायग्लायकोल हे रसायन शाई आणि कापडाच्या रंगांतही वापरतात, त्यामुळे कागदोपत्री ते निरुपद्रवी दिसते. फ्रान्स फान आनरात या डच व्यापाऱ्याने असे हजार टनांहून अधिक रसायन इराकला पुरवले. द हेगच्याच न्यायालयाने त्याला २००५मध्ये युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल दोषी ठरवले. म्हणजे हलब्जानंतर सतरा वर्षांनी. पुरवठा करणारे इतरही होते. तुरुंगात गेलेल्यांची यादी फार छोटी आहे.

याच हलब्जाची आठवण मोठ्या आवाजात काढली गेली ती २००२-०३मध्ये, इराकवर चढाई करायची ठरल्यावर. ५ फेब्रुवारी २००३ला अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत सांगितले की, कमीत कमी धरले तरी इराककडे १०० ते ५०० टन रासायनिक अस्त्रद्रव्याचा साठा आहे. युद्ध झाले. अमेरिकेनेच नेमलेल्या शोधपथकाला १९९१पूर्वीचे काही जुने गंजके तोफगोळे मिळाले, साठा मिळाला नाही. त्याआधी एप्रिल २००२मध्ये आपण आपल्याच संघटनेचे, म्हणजे हा करार राबवणाऱ्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेचे (ओपीसीडब्ल्यू), पहिले महासंचालक, ब्राझीलचे जोझे बुस्तानी, यांना मतदान घेऊन पदावरून काढले. ४८ विरुद्ध ७, आणि ४३ देश तटस्थ. दोनच वर्षांपूर्वी त्यांची फेरनिवड एकमताने झाली होती. इराकला करारात आणून तिथे आपले निरीक्षक पाठवण्याच्या खटपटीत ते होते. त्यांना काढणे बेकायदा होते, असा निकाल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या लवादाने पुढच्या वर्षी दिला. ते ४३ तटस्थ देश मला सर्वांत जास्त खटकतात. विरोध करणाऱ्या सातांनी काहीतरी भूमिका घेतली, बाजूने मत देणाऱ्यांनीही घेतली. ४३ जणांनी मात्र संघटनेच्या स्वायत्ततेवर घाला पडत असताना नुसते पाहिले.

खरे असताना गप्प राहायचे आणि खोटे असताना ओरडायचे, याची किंमत कोणी चुकवली? सीरियाच्या राजधानीतल्या, दमास्कसच्या घूटा भागातल्या लोकांनी. २१ ऑगस्ट २०१३च्या पहाटे तिथे सरीन भरलेली रॉकेट्स पडली. त्यानंतर आठच दिवसांनी ब्रिटनच्या संसदेत सीरियाविरुद्ध लष्करी कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला, आणि त्या चर्चेत खासदार वारंवार इराकचाच दाखला देत होते. लष्करी कारवाई व्हायला हवी होती, असे माझे म्हणणे नाही. पण ‘ही पुन्हा तसलीच थाप असेल’ असे म्हणायला जगाला जागा मिळाली, आणि ती जागा दहा वर्षांपूर्वीच्या त्या भाषणांनी करून दिली होती.

सरीन शरीरात काय करते ते थोडक्यात सांगते, कारण ठरावांच्या भाषेत ते कुठेच दिसत नाही. स्नायूला आकुंचन पावण्याचा निरोप मज्जातंतूकडून एका रसायनामार्फत येतो, आणि काम झाल्यावर एक विकर (एन्झाइम) ते रसायन मोडून टाकते. सरीन त्या विकरालाच जखडून ठेवते. निरोप थांबत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाकातोंडातून पाणी वाहते, छाती आवळते, सगळे अंग झटके देऊ लागते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून बंद पडतात. अॅट्रोपीन वेळेवर आणि पुरेसे मिळाले तर माणूस वाचू शकतो. घूटाला तेव्हा वेढा पडलेला होता. तिथल्या डॉक्टरांकडे औषध तुटपुंजे होते आणि माणसे शेकड्यांनी येत होती. विषारी कपडे उतरवून रोग्यांना धुवायला पाणी आणि हात, दोन्ही कमी पडत होते, आणि उपचार करणारेच आजारी पडत होते.

संयुक्त राष्ट्रसंघाचे तपासपथक तेव्हा दमास्कसमध्येच होते. आधीच्या तक्रारींच्या चौकशीसाठी ते तीन दिवसांपूर्वीच पोचले होते. हल्ल्याच्या जागी जायला त्यांना २६ ऑगस्ट उजाडला. त्यांनी रक्त, लघवी आणि केसांचे नमुने घेतले, रॉकेट्सची मोजमापे घेतली, ती कोणत्या दिशेने आली तेही टिपले. १६ सप्टेंबरच्या अहवालात सरीनच्या वापराचा स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा असल्याचे लिहिले. कोणी वापरले, हे लिहिले नाही, कारण ते सांगण्याचा अधिकारच त्या पथकाला दिला नव्हता. रॉकेटची दिशा सांगायची, पण तिच्या दुसऱ्या टोकाला कोण होते ते सांगायचे नाही, असे बंधन घालणारे प्रतिनिधीच होते. ते शास्त्रज्ञांनी मागितले नव्हते.

त्यानंतर सीरिया करारात आला, सुमारे १,३०० टन रसायने देशाबाहेर नेऊन नष्ट झाली, आणि आपल्या संघटनेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. जाहीर केलेले विष गेले. एप्रिल २०१७मध्ये सीरियातल्याच खान शेखूनमध्ये पुन्हा सरीन आलेच. मधल्या काळात क्लोरीनचे सिलिंडर हेलिकॉप्टरमधून टाकले जात होते. क्लोरीनवर सरसकट बंदी घालता येत नाही. पाणी शुद्ध करायला ते लागते, प्लास्टिकपासून औषधांपर्यंत असंख्य कारखान्यांना लागते. म्हणून करार वापराच्या हेतूवर बोट ठेवतो, आणि ते शहाणपणाचे आहे. पण हेतू सिद्ध करायचा तर कोणी टाकले हे आधी सिद्ध करावे लागते. क्लोरीन हवेत विरून जाते. जितका उशीर कराल तितका पुरावा पातळ होत जातो.

२०१५मध्ये सुरक्षा परिषदेने ती चूक सुधारली होती. संयुक्त राष्ट्रसंघ आणि आपली संघटना यांचे संयुक्त पथक नेमले आणि त्याला नाव घ्यायचा अधिकार दिला. त्या पथकाने सीरियाच्या सरकारचे नाव घेतले आणि इसिसचेही, कारण सीरियातल्या मारेआमध्ये मस्टर्ड वापरणारे इसिसचे लोक होते. अधिकार दिला की तपास करणारे दोन्हीकडे पाहतात, हे यातून दिसले. खान शेखूनचा अहवाल आल्यावर, नोव्हेंबर २०१७मध्ये, रशियाने नकाराधिकार वापरला आणि पथक गुंडाळले गेले.

मग जून २०१८मध्ये आपण विशेष अधिवेशन घेऊन संघटनेला दोषी शोधण्याचे काम दिलेत. ८२ विरुद्ध २४. त्या ८२ देशांचे मी आभार मानते. तरी दमास्कसजवळच्या दूमाचे पाहा. हल्ला ७ एप्रिल २०१८चा. निरीक्षक आठवड्यात दमास्कसला पोचले, हल्ल्याच्या जागी जायला आणखी आठवडा गेला. सीरियाच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने दोन सिलिंडर टाकले आणि त्यात ४३ जण मेले, असे सांगणारा अहवाल जानेवारी २०२३मध्ये आला. जवळजवळ पाच वर्षे! या पाच वर्षांत काय काय नाही बोलले गेले? मृतदेह आणून मांडले, मुलांना अभिनय करायला लावला, बचावपथकानेच सगळे रचले. संघटनेतल्या दोन माजी तज्ज्ञांनी आधीच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले, ती कागदपत्रे फुटली आणि आरोपांना नवे इंधन मिळाले. २०२३चा अहवाल मला पटतो. त्यात पर्यायी शक्यता एकेक करून तपासल्या आहेत. पण ते आक्षेप त्याच वेळी खुल्या शास्त्रीय चर्चेत घेऊन मुद्देसूद उत्तरे दिली असती, तर संशयाचे हे भिजत घोंगडे इतकी वर्षे पडून राहिले नसते. आपल्याकडे लपवण्यासारखे काही नसेल, तर तज्ज्ञांमधला मतभेद अहवालाच्या पोटात छापायला काय हरकत आहे? माझ्या क्षेत्रात मतभेद छापणे नेहमीचे आहे. त्याने निष्कर्ष दुबळा होत नाही.

संशय चुकीच्या दारात गेला की काय होते, ते जपानने सोसले आहे. जून १९९४मध्ये मात्सुमोतो शहरात रात्री सरीन पसरले आणि अखेर आठ जणांचा जीव गेला. पोलिसांनी संशय घेतला तो मदतीसाठी पहिल्यांदा फोन करणाऱ्या माणसावर, कारण त्याच्या घरात छायाचित्रणाची रसायने होती. त्याची बायको विषबाधेने बेशुद्ध होती, तो स्वतः आजारी होता, आणि वर्तमानपत्रांनी त्याला गुन्हेगार ठरवून टाकले. चोर सोडून संन्याशाला फाशी. खरे दोषी ओम शिन्रिक्यो पंथाचे लोक होते. ते मोकळे राहिले आणि जेमतेम नऊ महिन्यांत, २० मार्च १९९५ला, त्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत तेच विष सोडले. घरगुती रसायनांतून सरीन बनत नाही, हे कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाने सांगितले असते. पण तेव्हा ऐकायला कोणी तयार नव्हते. आजही पांढऱ्या फॉस्फरसचा गोळा पडला की लगेच ‘रासायनिक हल्ला’ असे मथळे येतात. फॉस्फरसने माणूस हाडापर्यंत भाजतो, वस्तीवर त्याचा वापर भयंकरच आहे, पण तो आग लावणाऱ्या अस्त्रांच्या वेगळ्या नियमांत येतो. सगळ्याला एकच नाव दिले की खऱ्या सरीनच्या बातमीकडेही लोक संशयाने पाहतात. आपल्या संघटनेने अशा वेळी दुसऱ्याच दिवशी सोप्या शब्दांत बोलावे. महिन्यांनी येणारे इंग्रजी पीडीएफ सामान्य माणसापर्यंत पोचत नाहीत.

युक्रेनचा उल्लेख मुद्दाम वेगळा करते, कारण तिथे धोका छोटा भासतो. नोव्हेंबर २०२४पासूनच्या आपल्या अहवालांत युक्रेनच्या खंदकांतून आलेल्या नमुन्यांत सीएस सापडल्याचे नोंदले आहे. हा तोच अश्रुधूर, जो पोलीस जमाव पांगवायला वापरतात. युद्धाचे साधन म्हणून तो वापरायला करारात स्पष्ट मनाई आहे. कारण खंदकातला सैनिक पळून घरी जाऊ शकत नाही. तो गुदमरून बाहेर येतो आणि गोळीला बळी पडतो. पहिल्या महायुद्धातही सुरुवात डोळ्यांना झोंबणाऱ्या वायूंनी झाली होती. एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममधल्या ईप्रला क्लोरीन आले, मग फॉस्जिन, मग १९१७मध्ये मस्टर्ड. अहवालांत वापरणाऱ्याचे नाव नाही, कारण पुन्हा तेच, नाव घेणे त्या भेटीच्या कामात नव्हते. घूटाला दशकाहून अधिक काळ उलटूनही आपण त्याच पायरीवर उभे आहोत.

म्हणून आता मागणी नीट मांडते. वापराची तक्रार आली आणि नमुन्यात बंदी असलेले काही सापडले, की दोषीचा शोध आपोआप सुरू व्हावा. त्यासाठी वेगळे मतदान नको, कोणाची परवानगी नको. त्याला मुदत असावी. मला एक वर्ष पुरेसे वाटते. अहवालाला उशीर झाला तर का झाला, कोणत्या देशाने व्हिसा रोखला, कोणी जागेवर जाऊ दिले नाही, हे नावानिशी छापावे. जो देश जाहीर सभेत दुसऱ्यावर आरोप करतो, त्याने आपल्याजवळचा पुरावा आधी संघटनेच्या हवाली करावा. आरोप करायचा आणि पुरावा ‘गुप्त’ म्हणून खिशात ठेवायचा, हे २००३नंतर कोणालाच शोभत नाही. आणि सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष बशर अल-असद यांची सत्ता डिसेंबर २०२४मध्ये गेल्यापासून सीरियात दारे उघडली आहेत, तोवर जुनी कागदपत्रे, गोदामे, साक्षीदार यांच्यापर्यंत पोचायला माणसे आणि पैसा द्यावा. फ्रान्सच्या न्यायाधीशांनी घूटासाठी असद यांच्याविरुद्ध २०२३मध्ये काढलेले वॉरंट जुलै २०२५मध्ये रद्द झाले, ते तेव्हाचे राष्ट्रप्रमुख म्हणून. आता ते राष्ट्रप्रमुख नाहीत.

आणखी एक काम उरते, ज्याला तपासाची वाट पाहावी लागत नाही. मस्टर्ड अंगाला लागताना दुखत नाही. काही तासांनी डोळे सुजून मिटतात, काखेत आणि जांघेत फोड येतात, आणि जे फुप्फुसात गेले ते तिथे कायमचे घर करते. सरदश्तमधली माणसे जवळजवळ चाळीस वर्षांनंतरही ऑक्सिजनची नळी लावून झोपतात. खोकला रात्रभर थांबत नाही, डोळ्यांच्या बाहुलीवरचे पापुद्रे पुन्हा पुन्हा खराब होतात. इराणवरच्या आर्थिक निर्बंधांतून औषधे कागदावर वगळलेली आहेत, पण बँका व्यवहार करायला घाबरतात आणि औषध अडकते. या माणसांसाठी आपण २०११मध्ये साहाय्य-जाळे आणि निधी उभा केलात. तो ऐच्छिक देणग्यांवर चालतो. दर ३० नोव्हेंबरला बळींच्या स्मरणार्थ आपण उभे राहता. येत्या परिषदेत हा निधी सदस्यत्वाच्या वर्गणीत धरून नियमित करावा, आणि ज्या देशांच्या कंपन्यांनी १९८०च्या दशकात इराकला रसायने विकली त्यांनी त्यात पहिला आणि मोठा वाटा घालावा.

या मागण्यांपैकी कोणती आपला देश येत्या अधिवेशनात मांडणार आणि कोणत्या मतदानात तटस्थ राहणार, ते आधी जाहीर करावे, ही विनंती.

कळावे,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका